साठी ओलांडलेल्या द्राक्षवेली आणि बायोडायनॅमिक पद्धत: जुना भाग राखावा की उपटावा?

प्रश्न: वेलबुट्टी

नमस्कार. आमच्या कुटुंबाची अडीच हेक्टरांची द्राक्षबाग आहे. द्राक्षे आम्ही बाहेर विकत नाही. त्यांची वाइन घरच्याच तळघरात तयार होते. वर्षभराचे काम आई, वडील, धाकटी बहीण आणि मी असे चौघे मिळून करतो आणि तोडणीपुरती बाहेरची माणसे घेतो. बागेचा जवळपास अर्धा भाग आजोबांनी लावलेला असून त्या वेलींनी आता साठी ओलांडली आहे. त्या तारांवर चढवलेल्या नाहीत, बुटक्या खोडांवर झुडपासारख्या राखलेल्या आहेत. शिवाय एकाच ओळीत चार वाणांची सरमिसळ आहे, त्यामुळे छाटणीपासून तोडणीपर्यंत सारे हातानेच करावे लागते.

बाग सेंद्रिय होऊन बरीच वर्षे झाली आणि प्रमाणपत्रही आहे. आता वडिलांना बायोडायनॅमिक, म्हणजे सेंद्रियच्या पुढे जाऊन शिंगात पुरलेले शेण वगैरे खास तयारी वापरणाऱ्या, पद्धतीकडे वळायचे आहे, कारण जुन्या वेलींना मानवेल अशी तीच एक पद्धत आहे असे त्यांचे ठाम मत आहे. बहिणीचे म्हणणे नेमके उलट आहे. जुन्या भागातून नव्या भागाच्या निम्मेही उत्पन्न निघत नाही, दर सहा जागांमागे एक जागा रिकामी आहे, आणि दर उन्हाळ्यात काही वेली भरल्या घडांनिशी अचानक वाळून जातात. तेव्हा आपल्या अंगात कष्ट करण्याचे बळ आहे तोवर हा भाग उपटून नवी लागवड करावी, असे ती म्हणते. दोघांचेही बोलणे मला त्या त्या वेळी पटते आणि म्हणूनच निर्णय होत नाही.

वेलीच्या वयाचा वाइनच्या गुणवत्तेशी खरोखर किती संबंध आहे आणि त्यात श्रद्धेचा भाग किती, सेंद्रियवरून बायोडायनॅमिककडे जाताना प्रत्यक्ष कामात काय वाढते, आणि जुना भाग राखायचा झाल्यास रिकाम्या जागांचे व वाळणाऱ्या वेलींचे काय करावे, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर: खोडकर

वेलबुट्टी, आपले वडील आणि आपली बहीण एकाच बागेबद्दल बोलत असले तरी दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत. हेक्टरी उत्पन्नाच्या आकड्यात रिकाम्या जागांचे शून्यही मिसळलेले असते. दर सहांमागे एक जागा रिकामी असेल आणि उरलेल्यांपैकी काही वेली आजारी असतील, तर वयाचा काहीही दोष नसताना उत्पन्न चौथ्या हिश्श्याने घटलेले दिसते. म्हणून येत्या तोडणीला जुन्या भागातल्या दोन-तीन ओळी निवडून त्यांतल्या केवळ निरोगी वेलींचा माल वेगळा तोलून पाहावा. पुष्कळ बागांत असे आढळते की वेल थकलेली नसते, ओळ विरळ झालेली असते. या दोन्हींचे उपाय अगदी निराळे आहेत.

आता वयाविषयी. 'जुनी वेल' कशाला म्हणावे, याला फार काळ धरबंध नव्हता, आणि फ्रान्समध्ये बाटलीवर 'व्हिएय व्हीन्य' (जुन्या वेली) असे छापायला आजही वयाची कायदेशीर अट नाही. ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्याने २००९ मध्ये स्वतःची सनद करून ३५, ७०, १०० आणि १२५ वर्षे अशा पायऱ्या ठरवल्या. दक्षिण आफ्रिकेतील 'ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट' ३५ वर्षांवरील बागांच्या बाटल्यांना लागवडीचे वर्ष नोंदवणारी मोहोर देतो. पुढे २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेनेही, म्हणजे ओआयव्हीने, ३५ वर्षांचाच निकष स्वीकारला; कलमी वेलीच्या कलमाचा सांधाही तितकाच जुना असला पाहिजे आणि 'जुनी बाग' म्हणायची तर तिच्यातील किमान ८५ टक्के वेली त्या वयाच्या असल्या पाहिजेत, असे त्या ठरावात म्हटले आहे. ही ८५ टक्क्यांची अट आपण लक्षात ठेवावी. आपल्याकडे सहापैकी एक जागा रिकामी आहे. त्या सर्व एकदम भरल्या तर जुन्या वेलींचे प्रमाण ८३ टक्क्यांच्या आसपास येईल आणि नांग्या भरण्याच्या चांगल्या कामामुळेच बाग त्या व्याख्येबाहेर जाईल. नियमांची अशी गंमत असते.

वयाने वेलीत बदल होतो तो असा. जाड खोडात आणि जुन्या फांद्यांत पिष्टमय अन्नाचा मोठा साठा असतो, आणि हिवाळा संपल्यावर येणारी पहिली फूट त्या साठ्यावरच जगते. त्यामुळे एखादे वर्ष वाईट गेले तरी जुनी वेल लगेच कोलमडत नाही. मुळे खोल गेलेली असली तर अवर्षणाच्या वर्षी मणी सुकण्याचे प्रमाण कमी राहते. मात्र मुळांची खोली वयापेक्षा मातीवर, खुंटाच्या (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात त्या वेलीच्या) जातीवर आणि वेलीला लहानपणापासून पाणी व खत कोठे मिळाले यांवर जास्त ठरते. वरवर ओल मिळत राहिलेल्या वेलीची मुळे पन्नाशीतही उथळच असतात. तिसरी गोष्ट म्हणजे वाढीचा जोर ओसरतो, पाने विरळ होतात, घडांना हवा आणि ऊन मिळते आणि मणी लहान राहतात. जुन्या वेलीच्या वाइनमध्ये जे घट्टपण जाणवते त्याचा मोठा वाटा या समतोलाचा आहे, आणि कसलेला बागाईतदार हा समतोल वीस वर्षांच्या वेलीतही साधू शकतो.

यात एक निवडही दडलेली आहे, जिचा उल्लेख फारसा होत नाही. जी जागा सुमार होती, जो वाण फसला, जी ओळ रोगट निघाली, ती मागच्या पिढ्यांनी केव्हाच उपटून टाकली. साठ वर्षांनी जे उभे आहे ते बहुतेक चांगल्या जागेवरचे आणि चांगल्या जातीचे आहे. म्हणून जुन्या वेलींची वाइन सरासरीने चांगली लागते, यावरून वयानेच ती चांगली झाली असे सिद्ध होत नाही. पण आपल्या दृष्टीने फरक काय पडतो? चांगली जागा आणि चांगली वेल आपल्याकडे आहे, एवढे तरी त्यावरून संभवते.

उन्हाळ्यात घडांनिशी वाळणाऱ्या वेलींचे वर्णन वाचून मला एस्का रोगाची दाट शंका येते. पानांवर शिरांच्या मध्ये वाघाच्या अंगासारखे पिवळे-तांबूस पट्टे दिसतात का, ते पाहावे. खोडात राहणाऱ्या अनेक बुरशा मिळून हा रोग करतात आणि त्या मुख्यतः छाटणीच्या मोठ्या जखमांतून आत शिरतात. फ्रान्समध्ये यावर पूर्वी सोडियम आर्सेनाइट वापरत. माणसांना असलेल्या धोक्यामुळे २००१ मध्ये त्यावर बंदी आली आणि तेव्हापासून फवारून बरा होईल असा उपाय कोणाकडेच नाही, सेंद्रिय बागेकडे नाही आणि रासायनिक बागेकडेही नाही. हाताने करण्याचे दोन उपाय मात्र आहेत. लहान साखळी-करवतीने खोड उघडून आतले पांढरे, भुसभुशीत, कुजके लाकूड कोरून काढले तर पुष्कळ वेली पुन्हा धरतात. दुसरा उपाय म्हणजे कलमाच्या सांध्याच्या वर फुटलेला एखादा जोमदार फुटवा राखून त्याचे नवे खोड करावे आणि वरचे आजारी खोड कापून टाकावे. या दुसऱ्या उपायात मुळे साठ वर्षांचीच राहतात आणि सांधाही तोच राहतो, त्यामुळे ओआयव्हीच्या निकषालाही बाध येत नाही. खालून येणारे सगळे फुटवे दर वर्षी सरसकट खुडून टाकण्याची सवय असेल तर ती आधी सोडावी; हा फुटवाच वेलीचा विमा असतो.

छाटणीविषयी एवढेच सांगतो की, दोन वर्षांपेक्षा जुन्या लाकडाला शक्यतो हात लावू नये, कापावेच लागले तर खुंटीएवढा भाग मागे ठेवून कापावे म्हणजे सुकणे तेथेच थांबते, आणि रसाचा प्रवाह दर वर्षी त्याच बाजूने चालू राहील अशा बेताने डोळे राखावेत. झुडपी वेलीत हे जमवायला छाटणी करणाऱ्याने प्रत्येक वेलीपुढे क्षणभर थांबून विचार करावा लागतो, आणि बाहेरची टोळी लावून हे काम होत नाही. कुटुंबाच्या छोट्या बागेची खरी ताकद येथे आहे.

उत्तर: वापसा

बायोडायनॅमिक पद्धतीत प्रत्यक्ष काय करावे लागते ते मी सांगतो, कारण त्याबद्दल बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी शिंग पुरलेले नसते.

या पद्धतीचे जनक, ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रुडॉल्फ स्टायनर यांनी जून १९२४ मध्ये कोबेरविट्झ येथे, जे गाव आज पोलंडमध्ये आहे, शेतीवर आठ व्याख्याने दिली, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. ते स्वतः शेतकरी नव्हते आणि मद्यपानाबद्दल त्यांचे मत प्रतिकूल होते. त्यांच्या पद्धतीची सर्वांत मोठी कीर्ती पुढे वाइनमुळे व्हावी, हा योगायोग मला नेहमी मजेशीर वाटतो. 'डीमीटर' हे बायोडायनॅमिक मालाचे बोधचिन्ह १९२८ पासूनचे आहे. केवळ द्राक्ष उत्पादकांची 'बायोडिव्हिन' ही संघटना फ्रान्समध्ये १९९५ मध्ये सुरू झाली.

कामाचे म्हणाल तर मुख्य तयारी दोन आहेत. '५००' म्हणजे गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे आणि वसंतात काढायचे. हेक्टरी सुमारे १०० ग्रॅम, ३० ते ३५ लिटर कोमट पाण्यात घालून, तासभर एका दिशेने खोल भोवरा होईपर्यंत आणि मग उलट दिशेने, असे ढवळत राहावे लागते, आणि संध्याकाळी वापसा असलेल्या जमिनीवर मोठ्या थेंबांनी शिंपडायचे असते. '५०१' म्हणजे शिंगात उन्हाळाभर पुरलेली गारगोटीची बारीक पूड. तिचे हेक्टरी चार ग्रॅमच लागतात आणि ती पहाटे पानांवर धुक्यासारखी फवारतात. यांखेरीज कंपोस्टमध्ये घालण्याच्या '५०२' ते '५०७' अशा सहा वनस्पतींच्या तयारी असतात. अडीच हेक्टरांना हा सगळा भार फार नाही. ढवळायला एक तास आणि फवारायला एक सकाळ किंवा एक संध्याकाळ, असे वर्षातून काही वेळा. एक सावधगिरी मात्र मी आग्रहाने सांगेन: कडक उन्हाच्या दिवसांत, पाण्याचा ताण पडलेल्या जुन्या वेलींवर '५०१' फवारू नये, असे अनुभवी लोक सांगतात आणि माझेही तेच मत आहे.

प्रमाणपत्र घ्यायचे असेल तर मात्र याहून मोठ्या अटींचा विचार करावा. डीमीटरचा नियम संपूर्ण शेताला लागू होतो. जुना भाग बायोडायनॅमिक आणि नवा भाग नुसता सेंद्रिय, असे चालत नाही. शेताचा दहावा हिस्सा जैवविविधतेसाठी राखून ठेवावा लागतो. कुंपणाची झुडपे, बांध, झाडे, पाणथळ जागा हे सर्व त्यात धरता येते, पण अडीच हेक्टरांत ते कोठे आहे हे नकाशावर दाखवावे लागते. बाहेरून किती खत आणले याचीही नोंद असते. आपल्याकडे जनावरे नसतील तर शेणासाठी जवळच्या एखाद्या गोपालकाशी कायमचा संबंध जोडावा लागेल, आणि माझ्या अनुभवात या पद्धतीचा सर्वांत खात्रीचा फायदा तेथूनच, म्हणजे चांगल्या मुरलेल्या कंपोस्टमधून, मिळतो.

चंद्राच्या गतीवरून कामाचे दिवस सांगणाऱ्या पंचांगाबद्दल नवीन माणसाच्या मनात फार भीती असते. मारिया थुन यांच्या पंचांगातील मूळ, पान, फूल आणि फळ असे दिवस पाळणे हे प्रमाणपत्रासाठी बंधनकारक नाही. चार माणसांच्या घराने आधी आभाळ पाहावे, मग जमीन पाहावी आणि दोन्ही अनुकूल असतील तर पंचांग पाहावे. पाऊस दारात असताना 'फळाचा दिवस' उजाडण्याची वाट पाहत बसलेले लोक मी पाहिले आहेत. केवडा रोग कोणासाठी थांबत नाही.

उत्तर: मोजपट्टी

वापसा यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे, त्यामुळे मीही स्पष्ट लिहितो. शिंगातल्या शेणाच्या १०० ग्रॅमने हेक्टरभर जमिनीत काही मोजता येण्याजोगे घडते, याचा पुरावा मला सापडलेला नाही. अमेरिकेतील मेंडोसिनो येथील द्राक्षबागेत सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक भागांची काही वर्षे तुलना करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मातीच्या गुणांत फरक आढळला नाही. फळांत काही किरकोळ फरक आढळले. जर्मनीत गायझेनहाइम येथे २००६ पासून रीसलिंग वाणावर दीर्घकालीन प्रयोग चालू आहे. तेथे पारंपरिक रासायनिक-एकात्मिक पद्धतीच्या मानाने सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक या दोन्ही भागांत वाढ आणि उत्पन्न कमी भरले, पण त्या दोघांत आपसात फारसा फरक दिसला नाही. याचा अर्थ असा की, आपण मोठी पायरी सेंद्रिय झालात तेव्हाच चढलात. पुढची पायरी श्रद्धेने किंवा बाजारासाठी चढायची असेल तर जरूर चढावी, पण तिच्यामुळे जुन्या वेलींचे आयुष्य वाढेल असे गृहीत धरू नये.

मला खरी काळजी तांब्याची वाटते. द्राक्षात केवडा आणि भुरी हे दोन्ही रोग एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात आले. भुरीला गंधक पुरते, पण केवड्यासाठी १८८५ पासून आजवर सेंद्रिय बागेच्या हाती मुख्य शस्त्र म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण किंवा त्याचे भाऊबंदच आहेत. तांबे हे मूलद्रव्य आहे. ते विघटित होऊन नाहीसे होत नाही, मातीच्या वरच्या थरात साचत जाते आणि गांडुळांना व सूक्ष्मजीवांना जाचते. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी एकूण २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो, अशी मर्यादा घातली आहे, आणि डीमीटरची सरासरी मर्यादा ३ किलोंची आहे. साठ वर्षांच्या बागेत ही मर्यादा येण्यापूर्वीच्या कितीतरी फवारण्यांचे तांबे आधीच पडलेले असते. प्रमाणपत्र कोणतेही असो, आपण जुन्या आणि नव्या भागातील मातीचे तांब्यासाठी वेगवेगळे परीक्षण करून घ्यावे. त्या दोन आकड्यांतला फरक पाहून कदाचित वडील आणि बहीण दोघेही आपापल्या मताचा फेरविचार करतील.

धोक्याचाही विचार करावा. फ्रान्सच्या बर्गंडी भागातील डोमेन लरुआ ही मोठ्या नावाची बाग १९८८ पासून बायोडायनॅमिक झाली आणि १९९३ च्या केवड्यात तिचे उत्पन्न फार घटले. तिच्याजवळ ते सोसायला पैसा आणि नाव होते. चार माणसांच्या घराने एका वर्षाची वाइन तळघरात राखीव ठेवल्याशिवाय तांब्याची मात्रा धाडसाने कमी करू नये.

शेजाऱ्यांचाही प्रश्न असतो. बर्गंडीतीलच बायोडायनॅमिक उत्पादक एमान्युएल जिबुलो यांनी सक्तीची कीटकनाशक फवारणी करण्यास नकार दिला, तेव्हा एप्रिल २०१४ मध्ये त्यांना दंड झाला आणि डिसेंबरमध्ये अपिलात ते निर्दोष सुटले. ती फवारणी फ्लाव्हेसान्स दोरे या रोगाचा प्रसार करणाऱ्या तुडतुड्यांसाठी होती, आणि तो रोग एका बागेत राहिला तर आसपासच्या सर्व बागांना भोवतो. माझी सहानुभूती तेव्हा दोन्ही बाजूंना वाटली गेली होती आणि अजूनही तशीच आहे. मात्र आपण कोणत्या परिस्थितीत कोणते औषध मारू, हे कुटुंबाने अशी वेळ येण्याआधी ठरवलेले असावे.

उत्तर: तळघर

मी तळघराच्या बाजूने थोडेच लिहितो. जुन्या भागाची वाइन आपण नव्या भागात मिसळून टाकत असाल तर आपल्याला आपल्याच प्रश्नाचे उत्तर कधी कळणार नाही. पुढची दोन-तीन वर्षे ती वेगळी आंबवावी, वेगळी साठवावी आणि घरच्यांनी पेल्यांची अदलाबदल करून, कोणता पेला कोणाचा हे न कळता चाखावी. बहिणीला ती ओळखता आली नाही आणि वडिलांनाही आली नाही, तर वयाविषयीचा वाद तेथेच संपतो. मग उरतो तो केवळ कष्टांचा हिशेब.

एका ओळीतल्या चार वाणांची सरमिसळ ही अडचण समजू नये. व्हिएन्नात 'गेमिश्टर झात्स' म्हणून एकत्र लावलेल्या, एकत्र तोडलेल्या आणि एकत्र आंबवलेल्या पांढऱ्या वाणांची वाइन प्रसिद्ध आहे; किमान तीन वाण असावेत असा तिचा नियम आहे आणि २०१३ पासून तिला स्वतंत्र संरक्षित दर्जा आहे. एक वाण थोडा कच्चा आणि दुसरा थोडा जास्त पिकलेला असताना एकत्र तोडल्यास आम्लता आणि गोडी एकमेकांना सांभाळतात. तोडणीचा दिवस ठरवताना सर्वांत उशिरा पिकणाऱ्या वाणाकडे न पाहता सर्वांत जास्त संख्येच्या वाणाकडे पाहावे.

वाइन टिकवण्यासाठी घालतात त्या गंधकाच्या मर्यादेविषयी: युरोपीय नियमांनुसार कोरड्या तांबड्या वाइनमध्ये एकूण सल्फाइट लिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत चालते, सेंद्रिय असल्यास १०० पर्यंत, पांढरीसाठी हेच आकडे २०० आणि १५० आहेत. आपण सेंद्रिय असल्यामुळे ते पाळतच असाल. बायोडायनॅमिक नियम याहून कडक आहेत, आणि पाऊस लागून कूज आलेल्या वर्षी ते जाचतात. बाटलीवर 'जुन्या वेली' असे मोघम लिहिण्यापेक्षा लागवडीचे वर्ष लिहावे, आणि त्या वर्षाचा कागदोपत्री पुरावा आजोबांच्या कागदांत शोधून जपून ठेवावा. गिऱ्हाईक आता ते विचारू लागले आहे.

वेलबुट्टी

सर्वांचे मनापासून आभार. पानांवरचे पिवळे-तांबूस पट्टे आमच्याकडे आहेत. आम्ही ते आजवर पालाशाच्या कमतरतेचे समजत होतो. माती परीक्षणाला वडील तयार आहेत, आणि वाइन वेगळी आंबवून पाहण्याची सूचना बहिणीला आवडली आहे. दोघांमध्ये एवढे ठरले आहे की, सगळा जुना भाग उपटायचा नाही, पण खालच्या अंगाला एक तुकडा असा आहे की तेथे निम्म्याहून अधिक वेली गेल्या आहेत, उरलेल्यांची पाने पंख्यासारखी विचित्र, दातेरी येतात आणि घडांत मणी विरळ धरतात. तो मात्र काढावा. तेथे लगेच नवी रोपे लावावीत का, आणि वरच्या चांगल्या भागातल्या नांग्या भरण्यासाठी विकतची रोपे आणावीत की आमच्याच काड्या वापराव्यात?

उत्तर: खोडकर

पंख्यासारखी पाने आणि विरळ मणी ही फॅनलीफ विषाणूची लक्षणे आहेत. प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावे, पण लक्षणे तीच असतील तर तेथे लगेच लागवड मुळीच करू नये. हा विषाणू झिफिनेमा इंडेक्स नावाचा सूत्रकृमी पसरवतो. वेल उपटली तरी तिच्या मुळांचे तुकडे खोल जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात आणि त्यांवर सूत्रकृमी जगतो. रासायनिक शेतीत पूर्वी जमिनीत धुरी देत. सेंद्रिय बागेपुढे मुळे शक्य तितकी उपसून काढणे आणि जमीन दीर्घकाळ द्राक्षांविना ठेवणे हाच मार्ग आहे. त्या काळात तेथे गवत, कडधान्ये किंवा इतर पिके घ्यावीत, आणि प्रमाणपत्र घ्यायचेच ठरले तर जैवविविधतेचा दहावा हिस्सा तेथेच दाखवता येतो का, ते वापसा यांना विचारावे. नव्या लागवडीचे गणित मांडताना ही पडीक वर्षे आणि नंतर वेल धरेपर्यंतची वर्षे अशी दोन्ही धरावीत. रोमाने-कोन्ती या जगप्रसिद्ध बागेतील स्वतःच्या मुळांवरच्या जुन्या वेली फिलॉक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीमुळे अखेर १९४५ नंतर उपटाव्या लागल्या, आणि १९४६ ते १९५१ या वर्षांची रोमाने-कोन्ती वाइनच निघाली नाही. एवढ्या मोठ्या नावालाही ही वर्षे गाळता आली नाहीत.

नांग्यांसाठी आपल्याच वेलींच्या काड्या घ्याव्यात, पण घाईने नव्हे. पुढचे तीन हंगाम वरच्या भागात फिरून चांगल्या वेलींना रंगीत फिती बांधाव्यात. दर हंगामात एक रंग. घड मोकळे आहेत, मणी एकसारखे पिकतात, पट्टे किंवा पंख्यासारखी पाने नाहीत, अशा वेलीलाच फीत बांधावी. तिन्ही रंग जिच्यावर आहेत तीच वेल निवडावी, तिची विषाणूंसाठी तपासणी करावी आणि मगच हिवाळ्यात काड्या कापून रोपवाटिकेकडून योग्य खुंटावर कलमे बांधून घ्यावीत. चारही वाणांतून, आणि प्रत्येक वाणाच्या अनेक वेलींतून काड्या घ्याव्यात, नाहीतर आजोबांच्या बागेतली विविधता आपल्याच हाताने कमी होईल.

शेजारच्या वेलीची लांब काडी जमिनीत दाबून रिकाम्या जागी उगवायची जुनी युक्ती, म्हणजे दाब कलम, मोह पाडते, कारण ती वेल लवकर फळाला येते. पण ती स्वतःच्या मुळांवर उभी राहते, आणि फिलॉक्सेरा असलेल्या जमिनीत त्या मुळांना संरक्षण नसते. मातृवेलीशी तिचा जोड न तोडता ठेवला तर ती काही काळ तग धरते. जमीन फार वाळूची असेल तर त्याहून अधिक. आपली जमीन चिकणमातीची असेल तर या वाटेला जाऊ नये.

कलमी रोप जुन्या ओळीत लावताना त्याचे सर्वांत मोठे शत्रू शेजारच्या वेलीच असतात; त्यांची मुळे पाणी ओढून घेतात आणि पाने ऊन अडवतात. म्हणून खड्डा खोल आणि रुंद घ्यावा, त्यातली जुनी मुळे वेचून काढावीत, मुरलेले कंपोस्ट घालावे, पहिले दोन-तीन उन्हाळे हाताने पाणी द्यावे आणि शेजारच्या दोन वेलींची त्या बाजूची फूट आवरून धरावी. एका वर्षात जितक्या रोपांना चौघांच्याने असे पाणी घालवेल तितकीच लावावीत. रोपाशेजारी उंच काठी रोवावी, म्हणजे तण काढताना अवजार लागून खोडाला जखम होणार नाही. एस्काला आत शिरायला तेवढी जखमही पुरते.